एका जुन्या होंडा एटीसी २००एक्सचा क्लच आणि तिची मागची चाके : एक प्रकरण

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागात थोडी रानजमीन आणि तिच्यावरचे घर विकत घेतले, तेव्हा घरामागच्या कोठारात ताडपत्रीखाली झाकलेली १९८५ सालची होंडा एटीसी २००एक्स ही रानवाटांवर चालवायची तीनचाकी त्या व्यवहारात आपोआप त्यांच्या पदरात पडली. मूळचे सांगलीचे हे गृहस्थ पेशाने संगणक अभियंता असून यंत्रांची हौस त्यांना भरपूर, पण सराव बेताचा. त्यांनी मला फोन करून सांगितले की क्लच प्लेटा आणि मागची दोन चाके मागवायची आहेत, तर कोणत्या घ्याव्यात ते सांगा. त्यांच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र खरेद्या होत्या. गाडी पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की मागची चाके काय असावीत हे ठरल्याशिवाय क्लचबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही, कारण क्लच संपण्यामागे निम्मा हात त्या चाकांचाच होता.

गाडीची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. पुढे एक आणि मागे दोन फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि पाय टाकून बसायची सीट अशा घडणीची ही वाहने होंडाने १९७० मध्ये यूएस९० या नावाने अमेरिकेत आणली आणि पुढे तीच एटीसी म्हणून ओळखली जाऊ लागली. २००एक्स हे त्यांतले खेळकर स्वभावाचे मॉडेल १९८३ ते १९८७ या काळात निघाले. पहिल्या तीन वर्षांच्या गाड्यांत १९२ सीसीचे, हवेने थंड होणारे, एका सिलिंडरचे फोर स्ट्रोक इंजिन, पाच गिअर, हाताने दाबायचा क्लच आणि मागच्या एक्सलपर्यंत चेन अशी रचना असे. अपघातांचे प्रमाण वाढल्यामुळे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने उत्पादकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९८८ मध्ये मान्य झालेल्या तडजोडीनुसार नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्यामुळे आज जी गाडी हाती येते ती किमान साडेतीन दशके जुनी असते आणि तिच्यात आधीच्या मालकांनी काय काय बदलले आहे याची कुठेही नोंद नसते. या प्रकरणातला अर्धा वेळ ही न लिहिलेली नोंद वाचण्यात गेला.

तक्रार दुहेरी होती. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर वाढवला की इंजिनचा आवाज चढे, पण गाडीचा वेग तेवढाच राही. शिवाय जागेवरून उचलताना गाडी दोन-तीन धक्के देऊन थरथरत पुढे जाई. सहकाऱ्यांच्या थोरल्या भावाचे सांगलीत रिक्षादुरुस्तीचे गॅरेज आहे. त्यांनी व्हिडिओ पाहूनच निदान केले होते : प्लेटा गेल्या आहेत, प्लेटा आणि स्प्रिंगा बदला, आणि मागे मोठे टायर टाका म्हणजे दगडधोंड्यांत गाडी अडकणार नाही. पहिला सल्ला अनुभवी माणसाचा होता आणि बव्हंशी बरोबरही होता, कारण रिक्षाचा क्लचही असाच तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा असतो. दुसऱ्या सल्ल्यात मात्र रिक्षाची सवय आड आली. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, असते. एटीसीला ते नसते. दोन्ही चाके एकाच अखंड एक्सलवर जखडलेली असतात, ती नेहमी सारख्याच गतीने फिरतात आणि वळणावर त्यांतल्या एकाला मातीवरून घसरावेच लागते.

प्लेटांना हात लावण्याआधी ज्या गोष्टी फुकटात तपासता येतात त्या आधी तपासाव्यात, असा माझा आग्रह असतो. क्लच लिव्हरच्या टोकाला मोकळी हालचाल जवळजवळ नव्हती. वायर इतकी ताणलेली होती की लिव्हर सोडल्यावरही प्रेशर प्लेट (स्प्रिंगांच्या जोराने बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी प्लेट) पूर्ण बसत नसावी. वायर सैल करून टोकाशी साधारण दीड सेंटिमीटर मोकळीक दिली. घसरणे कमी झाले, पण थांबले नाही. मग तेलाकडे पाहिले. कोठारातल्या फळीवर आधीच्या मालकाने ठेवलेला तेलाचा अर्धा डबा होता आणि ते मोटारीसाठीचे पातळ तेल होते. डब्यावरच्या एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे छापलेले होते. इंधन वाचावे म्हणून अशा तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीचा क्लच कोरडा, इंजिनाच्या तेलापासून दूर असतो, त्यामुळे तिला त्याचा त्रास होत नाही. या गाडीत मात्र तेच तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरते आणि घर्षण हा तर क्लचचा धर्म. मोटारसायकलच्या तेलावर जासो या जपानी वाहन-मानकाचा एमए, एमए१ किंवा एमए२ असा शिक्का पाहून घ्यावा, एमबी लिहिलेले असेल तर ते अशा क्लचसाठी नाही. आम्ही तेल काढले, एमए दर्जाचे नवे भरले, तासभर गाडी चालवली आणि पुन्हा तोच चढ चढवून पाहिला. फरक पडला, तरी तिसऱ्या गिअरमधले घसरणे उरलेच.

आता मागच्या चाकांचा हिशेब पाहू. या गाडीच्या मूळ मागच्या टायरचे माप २२ × ११ – ८, म्हणजे बाहेरचा व्यास २२ इंच, रुंदी ११ इंच आणि रिम ८ इंचांची. आमच्या गाडीवर २५ × १२ – ९ मापाचे टायर होते. हे माप ओझी वाहण्यासाठी बनवलेल्या ‘बिग रेड’ या भारदस्त एटीसीचे, जिचे गिअर त्या टायरला धरूनच ठरवलेले असतात. कोणीतरी ती चाके, बहुधा स्वस्तात मिळाली म्हणून, इथे बसवली होती. २२ इंचांच्या टायरचा परीघ सुमारे १.७५ मीटर आणि २५ इंचांचा सुमारे १.९९ मीटर. म्हणजे एक्सलच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी साडेतेरा टक्के जास्त पुढे जाते आणि त्याच प्रमाणात गाडीचे गिअर ‘जड’ होतात, म्हणजे चाके फिरवायला जास्त जोर लागतो. वरकरणी हा आकडा फारसा भयंकर वाटत नाही. पण गाडी जागेवरून उचलताना, क्लच अर्धवट धरलेला असताना, त्याच्या प्लेटांत जी उष्णता निर्माण होते ती गाडीच्या वजनाबरोबर चाकाच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. इंजिनचे फेरे तेवढेच ठेवून गाडी उचलली तर १.१३६ चा वर्ग म्हणजे १.२९ या हिशेबाने दर वेळी सुमारे २९ टक्के जास्त उष्णता प्लेटांच्या वाट्याला येते. त्यात रान, वाळू, चढ आणि पुन्हापुन्हा थांबून उचलणे आले. या गणितात टायरचे वाढलेले वजन धरलेलेच नाही.

क्लच उघडल्यावर हेच दिसले. या इंजिनात क्लच उजव्या बाजूच्या कव्हरखाली असतो. कव्हर काढताना जुने गॅस्केट फाटतेच, म्हणून नवे आधीच मागवून ठेवावे. स्टीलच्या प्लेटांवर निळ्या-तांबूस छटा होत्या, म्हणजे त्या तापल्या होत्या. काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून फट मोजायचे फीलर गेज घातल्यावर दोन प्लेटा उघडपणे वाकलेल्या निघाल्या. स्टीलच्या प्लेटांच्या मधेमधे बसणाऱ्या, घर्षणाचा थर दिलेल्या फ्रिक्शन प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजली तेव्हा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या मर्यादेच्या काठावर होत्या, पण त्यांचा खरा दोष जाडीत नव्हता. पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि जळक्या तेलाचा वास येत होता. स्प्रिंगा टेबलावर एका रांगेत उभ्या केल्या तर त्यांची उंची एकसारखी नव्हती, म्हणजे प्रेशर प्लेट एका बाजूला कमी दाबली जात होती.

आता खरेदीचा प्रश्न. सहकाऱ्यांनी तोवर एक संच पाहून ठेवला होता ज्यात फक्त फ्रिक्शन प्लेटा आणि ‘जादा ताकदीच्या’ स्प्रिंगा होत्या. क्लच किती टॉर्क (फिरवणारा जोर) पेलतो हे ढोबळपणे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : प्लेटांचा घर्षणांक, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, स्प्रिंगांचा दाब आणि प्लेटेची सरासरी त्रिज्या. स्प्रिंग कडक केली की दाब वाढतो हे खरे, पण लिव्हरही त्याच प्रमाणात जड होते आणि क्लच सोडवणाऱ्या दांडीवर, बेअरिंगवर आणि वायरवर कायमचा ताण पडतो. १९२ सीसीच्या इंजिनासाठी मूळ दाब पुरेसा होता, आणि कडक स्प्रिंगांनी चाकांचे पाप झाकले गेले असते इतकेच. म्हणून त्या संचाला मी नकार दिला. वाकलेल्या स्टील प्लेटांवर नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवणे ही तर सरळ पैशांची नासाडी, कारण वाकलेली प्लेट सुटताना घासत राहते आणि धरताना ठिपक्यांपुरतीच टेकते. आम्ही फ्रिक्शन प्लेटा, स्टील प्लेटा आणि मूळ दाबाच्या स्प्रिंगा अशा तिन्ही गोष्टी पूर्ण संचाने घेतल्या. कंपनीच्या मूळ भागांचा जुना, न वापरलेला साठा कधीकधी मिळतो आणि त्याचे आकर्षण मलाही आहे, पण दशकानुदशके गोदामात पडलेल्या स्टील प्लेटांच्या कडांना गंज पाहिला असल्यामुळे, हातात घेऊन पाहता येत नसेल तर नामांकित उत्पादकाचा आजचा संच मी पसंत करतो. अमेरिकेत ईबीसी आणि बार्नेट यांची नावे या कामात सर्वांच्या परिचयाची आहेत.

क्लच बास्केट (प्लेटा जिच्या बोटांमध्ये अडकून बसतात ती धातूची टोपली) बदलावी की नाही यावर आमचा वाद झाला. बास्केटच्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी खाचा पाडल्या होत्या. अशा खाचांत प्लेटा अडकतात आणि क्लच सुटताना ओढ देतो, न्यूट्रल सापडत नाही. त्यामुळे क्लच घसरतो असे मात्र नाही. आमच्या खाचा नखाला जेमतेम लागत होत्या. बारीक कानशीने सर्व बोटांवर सारखे, अगदी हलके घासून त्या सपाट केल्या. बास्केटच्या पाठीमागचे रिव्हेट घट्ट होते आणि धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा खुळखुळत नव्हत्या, म्हणून बास्केट ठेवली. खाचा खोल असत्या तर घासण्याने फट वाढून आवाज सुरू झाला असता आणि तेव्हा नवी घेणे हाच मार्ग होता.

नव्या फ्रिक्शन प्लेटा रात्रभर त्याच एमए तेलात बुडवून ठेवल्या आणि बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कप्रमाणे समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळले. त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही.

चाकांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची निघाली. एक रिम आतून इतकी गंजली होती की टायरची कड तिथे हवा धरत नव्हती, त्यामुळे चाके घ्यायची हे नक्की होते. सहकाऱ्यांनी जवळच्या गावातून यामाहाच्या चारचाकी एटीव्हीची (रानगाडीची) वापरलेली ॲल्युमिनियमची जोडी आणूनही ठेवली होती. चार भोके, नऊ इंची रिम, दिसायला सुरेख. चाक ज्याच्यावर आवळतात त्या हबवर धरल्यावर दोन बोल्ट आत गेले आणि उरलेले दोन काठावर अडले. ‘थोडे घासले की बसेल’, असे ते म्हणाले.

इथे मोजमाप करून दाखवणे भाग पडले. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतले अंतर म्हणजे त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. मध्ये हबचा फुगवटा आड येतो म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर घ्यावे आणि त्याला ०.७०७ ने भागावे. आमच्या हबवर हे अंतर ७७.८ मिलिमीटर भरले, म्हणजे वर्तुळ ११० मिलिमीटरचे. आणलेल्या चाकावर ते ८१.३ भरले, म्हणजे ११५. फरक पाच मिलिमीटरचा, प्रत्येक भोकाशी अडीच मिलिमीटरचा, आणि म्हणूनच फसवा. भोक लांबट केले की नटाचा निमुळता तोंडवळा ज्या शंकूत बसून चाक मध्यावर आणतो तो शंकूच नाहीसा होतो. चाक मग घर्षणाच्या जोरावर टिकून राहते आणि नट हळूहळू सैल होत जातात. अखंड एक्सलच्या गाडीत दर वळणाला चाकांना आडवे हिसके बसत असताना असे चाक वापरणे म्हणजे स्वतःशीच वैर. ती जोडी परत गेली.

त्याच वेळी उचलतानाच्या थरथरीचे खरे कारण सापडले. चाक काढून हब हाताने मागेपुढे फिरवला तर तो एक्सलवर खटखट हलत होता. हबच्या आतले स्प्लाइन (एक्सलच्या खाचांत बसणारे दाते) झिजले होते आणि एक्सलच्या टोकाचा नट कोणीतरी स्प्लिट पिन न घालताच ठेवला होता. क्लच धरू लागला की आधी ही झीज भरून निघे, मग धक्का बसे, मग पुन्हा सुटे. सांगलीचे दादा ज्याला क्लचची थरथर म्हणत होते तिचा मोठा भाग इथे होता. एक्सलचे स्प्लाइन चांगले होते, म्हणून दोन हब नवे घेतले, नट पुस्तिकेप्रमाणे आवळून नवी पिन घातली. हे तपासले नसते तर नव्या प्लेटा घालूनही गाडी तशीच थरथरली असती आणि दोष प्लेटांच्या माथी गेला असता.

टायरच्या मापाबद्दल सहकाऱ्यांची अडचण खरी होती. २५ इंची चाकांमुळे मागचा स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) जमिनीपासून ३८ मिलिमीटर जास्त उंच राहत होता आणि त्यांच्या रानात तोडलेल्या झाडांचे बुंधे ठिकठिकाणी आहेत. मोठे टायर ठेवून मागचा स्प्रॉकेट मोठा करावा, असे त्यांनी सुचवले. हिशेबाने ते शक्य होते, म्हणजे ४० दात असतील तर ४५ करावे लागतील. पण मग स्प्रॉकेटच खाली वाढतो आणि मिळवलेल्या उंचीतला काही भाग परत जातो. त्याहून मोठी हरकत वेगळी आहे. फक्त मागची बाजू ३८ मिलिमीटर उचलली की सुमारे १.२ मीटर अंतरावरच्या पुढच्या चाकाकडे गाडी जवळजवळ पावणेदोन अंशांनी झुकते, पुढचा फोर्क अधिक उभा होतो आणि हँडल चंचल होते. बसणाऱ्याचा भारही वर जातो. जी गाडी उलटण्याच्या स्वभावामुळेच बाजारातून गेली तिच्यात हा बदल करायला माझा हात धजत नाही.

शेवटी ११० मिलिमीटर वर्तुळाची, ९ इंची, ८ इंच रुंद रिम आणि २२ × ११ – ९ टायर असे ठरले. मूळची ८ इंची रिमही मिळत होती, पण ९ इंचीत टायरची निवड आज जास्त आहे आणि बाहेरचा व्यास तोच राहतो. रिमच्या खोलीचा प्रश्न उरला. अमेरिकेतल्या दुकानांत तो ‘४+४’ किंवा ‘३+५’ असा लिहिलेला असतो. पहिला आकडा हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून आतल्या बाजूची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा बाहेरच्या बाजूची. ३+५ घेतल्यास प्रत्येक चाक एक इंच बाहेर जाते, दोन चाकांतले अंतर दोन इंचांनी वाढते आणि गाडी आडवी होण्याला थोडा जास्त विरोध करते. त्याची किंमत एक्सलची बेअरिंग मोजतात, कारण भाराचा तरफदांडा लांबतो. मूळ रिम हाती नसल्याने तुलनेला काही नव्हते. हबला पट्टी टेकवून ११ इंची टायरची आतली बगल स्विंगआर्मपासून (मागचा एक्सल धरणाऱ्या दांड्यापासून) किती दूर राहील ते मोजले तेव्हा ४+४ मध्ये बोटभरही फट उरत नव्हती, चिखल अडकला असता. ३+५ घेतले आणि एक्सलची बेअरिंग त्याच फेरीत नवी बसवली. बुंध्यांसाठी स्प्रॉकेटखाली ॲल्युमिनियमची जाड संरक्षक पट्टी लावली. हा उपाय मोठ्या टायरपेक्षा स्वस्त पडला, हे सहकाऱ्यांनी नंतर स्वतःहून मान्य केले.

हवा भरतानाही एक खबरदारी घ्यावी लागली. या टायरमध्ये दोन-तीन पीएसआयच हवा असते आणि मोटारीच्या गेजवर तो काटा हलतही नाही, म्हणून कमी दाबाचे वेगळे गेज घ्यावे लागते. डिफरन्शियल नसल्यामुळे एका टायरचा परीघ दुसऱ्याहून किंचितही जास्त झाला तर गाडी सरळ जमिनीवरही एका बाजूला ओढते. आम्ही शिंप्याच्या टेपने दोन्ही टायरचा घेर मधोमध मोजला. एकाच उत्पादकाचे, एकाच मापाचे नवे टायर असूनही तो काही मिलिमीटरांनी वेगळा भरला, तेव्हा मोठ्या घेराच्या टायरमधली हवा थोडी कमी करून दोन्ही घेर जुळवले.

पहिल्या दिवशी सौम्य चालवून झाल्यावर वायरची मोकळीक पुन्हा एकदा जुळवली, कारण नव्या प्लेटा बसत गेल्या की ती बदलते. काही तासांनी तेल बदलले, त्यात फ्रिक्शन प्लेटांची थोडी काळसर भुकटी होती, धातूचे कण नव्हते. मग तोच चढ, तोच तिसरा गिअर. इंजिनचा आवाज आणि चाकांचा वेग एकत्र वाढले आणि उचलतानाचे धक्के गेले. सहकाऱ्यांनी त्याचा व्हिडिओ सांगलीला पाठवला. दादांनी उत्तरादाखल एवढेच विचारले की काढलेले मोठे टायर कुठे आहेत, बैलगाडीला चालतील का.